वाडा आगीने पडला नाही

आगीच्या दाव्याचं काम फोनवर येतं. विमा कंपनीतला माणूस पॉलिसीचा नंबर सांगतो, विमेदाराचा मोबाइल देतो, नुकसानीचा ढोबळ आकडा सांगतो आणि शेवटी पत्ता. त्या दिवशी पत्ता ऐकला आणि मी म्हटलं, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

पत्ता माझ्या माहेरच्या वाड्याचा होता. म्हणजे पूर्वीच्या. नव्वदच्या दशकात वडिलांनी आणि दोन्ही काकांनी मिळून तो विकला, हिश्श्याचे पैसे वाटून घेतले आणि तिघे भाऊ कोथरूड, सिंहगड रस्ता आणि निगडी अशा तीन दिशांना फ्लॅटमध्ये राहायला गेले. कायद्याने पाहिलं तर त्या वास्तूत माझा चार आण्यांचाही संबंध उरलेला नाही. पण दावेदाराशी किंवा मालमत्तेशी काही नातं असेल तर सर्व्हेअरने ते आधीच सांगायचं असतं. शिवाय ज्या माजघरात आपण सागरगोटे खेळलो, तिथल्या राखेची किंमत ठरवायला आपणच बसू नये, एवढं कळण्याइतकी वर्षं मी या धंद्यात काढली आहेत. कंपनीने काम दुसऱ्याला दिलं. तरी दुपारी मी गेलेच. वही नेली नाही. टॉर्च, छोटी हातोडी आणि टोच्या पर्समध्ये कायमच असतात.

वाडा पेठेतला, अप्पा बळवंत चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्याकडून घेतलेले गृहस्थ लग्नपत्रिकांचे व्यापारी. पुढच्या ओसरीत दुकान, माजघरात गोदाम, वर स्वतःचं बिऱ्हाड आणि मागच्या सोप्यात आमच्या वेळेपासूनची दोन भाडेकरू बिऱ्हाडं. रात्रीची आग असूनही सगळे वेळेत बाहेर पडले होते, कुणाला खरचटलंही नव्हतं. मला बघून ते व्यापारी काका दुकानाच्या पायरीवरून उठले. "या ताई. बघा, काय झालं तुमच्या वाड्याचं," म्हणाले. विकत घेऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी तो 'तुमचा'च होता. पुण्यात वाड्याचं नाव सातबाऱ्यावर बदलतं, गल्लीत बदलत नाही. (पेठेत सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं, हे मला माहीत आहे, पण बोलायची रीत तशी आहे.)

त्यांचा मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, शॉर्टसर्किट. फायर ब्रिगेडवालेपण तेच म्हणाले."

आपल्याकडे प्रत्येक आग शॉर्टसर्किटने लागते. वर्तमानपत्रात तसं छापून येतं, पंचनाम्यात तसं लिहिलं जातं आणि लोकांना ते बरं वाटतं, कारण त्यात कुणाचाच दोष निघत नाही. जळालेल्या तारेच्या टोकाला तांब्याचा गोळा सापडला की पुरावा मिळाला, असं समजतात. पण तो गोळा आगीचं कारण असेल तसाच आगीचा परिणामही असेल. आगीने तारेचं आवरण जळलं, दोन तारा एकमेकींना चिकटल्या, ठिणगी पडली, तांबं वितळलं. एवढ्या वेळात आग दुसरीकडे कुठेतरी चांगली पेटलेली असू शकते. म्हणून मी आधी तारा बघत नाही, भिंत बघते. आग ज्या ठिकाणी खाली सुरू होते तिथून वर पसरत जाते, आणि भिंतीवर काजळीचा उलटा त्रिकोण उमटतो. त्याचं टोक जिथे टेकतं, तिथे शोधायचं.

माजघराच्या उत्तरेच्या भिंतीत आमची देवळी होती. त्या देवळीच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्रिकोणाचं टोक होतं. तिथे पत्रिकांवर सोनेरी छपाई करायचं गरम साच्याचं मशीन होतं, आणि त्याला वीज मिळत होती एका एक्स्टेन्शन बोर्डातून, जो आणखी एका एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेला होता. अशा बोर्डात पिन सैल झाली की तिथे अडथळा वाढतो, सांधा तापतो, प्लास्टिक मऊ होतं आणि एक दिवस पेटतं. यात करंट वाढत नाही, म्हणून एमसीबी पडत नाही. लोक सांगतात, "आमच्याकडे एमसीबी आहे." असू दे. सैल सांध्यावर त्याचा इलाज नाही. मी अर्थात तिथे काही बोलले नाही. कारण शोधणं त्या दिवशी माझं काम नव्हतं, आणि ज्याचं होतं तो दुसऱ्या दिवशी येणार होता. मुलाला फक्त एवढंच सांगितलं की त्या कोपऱ्यातलं काहीही हलवू नका, झाडू तर मुळीच नका. आग विझल्यावर लोकांचा पहिला उद्योग साफसफाईचा असतो, आणि दाव्याचं निम्मं नुकसान त्या झाडूने होतं.

गोदामात पत्रिकांचे गठ्ठे होते. एक उचलला. चारी कडा काळ्याठिक्कर, पण दोरी कापून मधली पत्रिका काढली तर गणपती लख्ख, 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' छापलेलं, त्यापुढची नावांची जागा कोरी. घट्ट बांधलेला कागद सहज जळत नाही, त्याला हवा मिळत नाही. वरची कोळशाची कड आतल्याला सांभाळते. जाड लाकडाचंही नेमकं हेच असतं, आणि मला सांगायचंय ते इथून सुरू होतं.

सागवानाचा जाड खांब आगीत सापडला की बाहेरचा थर साधारण तीनशे अंशांच्या आसपास कोळसा होऊ लागतो. कोळशातून उष्णता फार मंद गतीने आत जाते. त्यामुळे जळण्याचा वेग बांधलेला असतो. सागासारख्या कठीण लाकडात मिनिटाला अर्धा मिलिमीटर, फार तर थोडा जास्त. पाऊण तास आग अंगावर राहिली तर प्रत्येक बाजूने इंचभर लाकूड गेलं असं धरायचं. आमच्या माजघराचे खांब आठ इंची चौरस. चारी बाजूंनी इंचभर गेल्यावर आत सहा इंचांचा खांब शिल्लक राहतो, म्हणजे मूळच्या निम्म्याहून जास्त. आणि पूर्वीच्या सुतारांनी गणित करून खांब बसवले नव्हते, हात सैल सोडून बसवले होते. भार पेलायला सहा इंच पुरून उरतात.

हे पुस्तकातलं झालं. माझ्या हाताला काय लागलं ते सांगते. जिन्याजवळच्या खांबाला टोच्या लावला. काळा थर भुसभुशीत, नखाने निघेल असा. मग एक पातळ तपकिरी रेघ. त्यापुढे टोच्या जाईना. चाकूने थोडं खरवडलं तर आत मधाच्या रंगाचं लाकूड, आणि इतक्या धुरातही सागाच्या तेलाचा तो वास आला. हातोडीने ठोकलं. खणखणीत आवाज. एकेक करत सगळे खांब वाजवले. एकच बद्द बोलला, आणि तोही आगीने नाही. तो नळाच्या कोपऱ्यातला होता, तळखड्याच्या वर दीड फूट वाळवीने पोखरलेला. म्हणजे आगीच्या आधीच गेलेला.

एका ठिकाणी मात्र आग खोलवर शिरली होती. माजघराच्या मधल्या तुळईला झोपाळ्याच्या कड्या होत्या. लोखंडी, तुळईच्या आरपार गेलेल्या, वर चाकीने आवळलेल्या. आजी दुपारी त्या झोपाळ्यावर सुपारी कातरत बसायची. झोपाळा नव्या मालकांनी केव्हाच काढला, कड्या राहिल्या. लोखंड उष्णता आत ओढून नेतं, म्हणून कडीभोवतीचं लाकूड वाटीसारखं खोल जळलं होतं. तुळईच्या पोटाला नेमक्या मध्यभागी असं भोक पडणं वाईटच. पण त्याला उपाय असतो. दोन्ही बाजूंनी पट्ट्या चढवून तुळई बांधता येते.

खरी पडझड झाली होती मागच्या सोप्याकडे, आणि ती लाकडामुळे झाली नव्हती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या मागच्या सोप्यात पाणी शिरलं. भिंती आतून मातीच्या. भिजल्या आणि बसल्या. तो भाग आजोबांनी नव्याने बांधून घेतला, आणि नव्या काळाचं म्हणून तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर टाकले. वडील ते गर्डर पाहुण्यांना दाखवायचे: "आता हे शंभर वर्षं हलत नाही." आगीत नेमके तेच हलले. पोलाद पेटत नाही हे खरं, पण पाच-साडेपाचशे अंशांच्या पुढे त्याची निम्मी ताकद जाते. त्याआधी ते लांबीने वाढतं. चार मीटरचा गर्डर पाचशे अंशांनी तापला की जवळपास इंचभर लांब होतो, आणि त्या इंचाला जागा हवी असते. भिंतीत चिणलेल्या गर्डरने ती जागा भिंत बाहेर ढकलून केली. मग मधून वाकला आणि वरची फरशी घेऊन खाली आला. पुढच्या भागातल्या सागवानी तुळया, त्याच आगीत, जागच्या जागी काळ्या होऊन उभ्या. शेजारी दोन पोरं मोबाइलवर फोटो काढत होती, वाकलेल्या गर्डरचे नव्हे, काळ्या खांबांचे. भयंकर दिसतं ते काळं असतं, धोकादायक असतं ते वाकलेलं. फोटोत हा फरक येत नाही, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत मला तो फोटोच आडवा आला.

आग वर कशी गेली, तेही बघण्यासारखं होतं. माजघराचं छत कडीपाटाचं. कड्यांवर पाट, पाटांवर चार-सहा इंच मातीची भर आणि वर शेण-मातीची जमीन, पुढे तिच्यावर शहाबादी फरशी. ही मातीची भर आपण ओझं समजतो. ती आगीला अडवते. पाट खालून जळले, काही ठिकाणी कोळसा होऊन गळले, पण मातीच्या थराने आग वरच्या खोल्यांत जाऊ दिली नाही. ती गेली मधल्या जिन्याने. आमच्या जिन्याला वरच्या तोंडाशी आडवी झडप होती. रात्री ती पाडून वरून कडी घालायची, चोराचिलटांची भीती म्हणून. अरुंद, दोन भिंतींतला जिना आणि वर जाड सागवानी झडप. कुणाच्या तरी डोक्याला लागते म्हणून मधल्या काळात ती काढून टाकलेली होती. झडप नसलेल्या जिन्याने धुराड्याचं काम केलं. ती बंद असती तर वरचं बिऱ्हाड बहुतेक वाचलं असतं.

आगीनंतरचा धोका पाण्याचा. बंब ओततात ते पाणी मातीची भर पिऊन घेते, जड होते, आणि अर्धवट जळालेल्या पाटांवर ते वजन बसतं. म्हणून आग विझल्यावर लगेच नाही, एक-दोन दिवसांनी जमीन खाली येते. तोवर लोक सामान काढायला आत शिरलेले असतात. मी काकांना सांगितलं, कुणालाही वर पाठवू नका, आज संध्याकाळच्या आत माजघरात टेकू लावून घ्या आणि माती हळूहळू खरवडून उतरवा. टेकू लागले. ते काम त्यांनी चोख केलं, हे सांगायलाच हवं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, खरं सांगा, राहील का हा?"

मी म्हटलं, पुढचा भाग राहील. मागचा उतरवून पुन्हा बांधावा लागेल. खर्च होईल, पण नव्या इमारतीच्या मानाने काहीच नाही.

ते गप्प राहिले. वास्तूचा विमा नव्हता. पॉलिसी होती ती दुकानातल्या मालाची. पेठेतल्या बहुतेक वाड्यांचं असंच आहे. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते, छोट्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. घराच्या पॉलिसीत तर विमा कमी रकमेचा निघाला म्हणून दाव्यात कपातही करत नाहीत. पूर्वी ती कपात लोकांच्या जिव्हारी लागायची. पण असा वाडा बहुधा पाच जणांच्या नावावर असतो, त्यातले दोन परदेशात, भाडेकरू महिना देणार ते चहाच्या बिलाएवढं. हप्ता भरायचा कुणी? आमच्या वडिलांनीही भरला नव्हता.

आठवड्याभरात महापालिकेची नोटीस लागली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली, धोकादायक बांधकाम म्हणून. अशा इमारतींचे वर्ग असतात: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न हलवता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. माझ्या मते हा वाडा सरळ सी-२ए मधला. काकांच्या सांगण्यावरून मी तसा अहवाल दिला, खांबागणिक, किती जळलं आणि किती उरलं ते मोजून. मालकांच्या मुलाने दुसऱ्या एका अभियंत्याकडून दुसरा अहवाल आणला. त्यात वाडा सी-१ होता. त्या अहवालातले फोटो मी पाहिले: सगळे काळ्या खांबांचे, एकही खरवडलेला नाही.

मुलाला मी दोष देत नाही. त्याचं गणित साधं आहे. वाडा दुरुस्त केला तर खर्च त्याचा, भाडेकरू तेच, उत्पन्न तेच. पाडला तर रिकामा प्लॉट, मोक्याच्या जागी, आणि दाराशी बिल्डर. वर, पाडणारा ठेकेदार मालकाकडून पैसे मागत नाही, उलट मोजून देतो, कारण जुन्या सागवानाला गिऱ्हाईक तयारच असतं. जे लाकूड अहवालात 'पूर्णपणे निकामी' लिहिलं जातं, त्याचाच भाव ठेकेदार आदल्या दिवशी ठरवून गेलेला असतो. भाडेकरूंची पंचाईत झाली, पण इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगून ठेवलं आहे. त्या दोन्ही कुटुंबांनी वकील करून नव्या इमारतीतल्या जागेचं लेखी घेतलं. शहाणी माणसं.

पुण्याला आग नवी नाही. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला आणि दिवसचे दिवस धुमसत राहिला. आज दिसतात ते तट, दरवाजे आणि जोती, कारण वरचं सगळं लाकूडकाम होतं. हे उदाहरण लोक मला नेहमी ऐकवतात: बघा, लाकूड ते लाकूडच. मी त्यांना १८७९ सांगते. त्या वर्षी मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्हींना आगी लावल्या गेल्या. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस, त्यामुळे संशय भलतीकडे गेला. पुढे उघड झालं की सरकारी पुस्तकांच्या वखारीतल्या एका कारकुनाने आपली अफरातफर लपवायला हे केलं होतं. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग पुन्हा बांधला, आणि तो वाडा आजही बाजीराव रस्त्यावर उभा आहे, खांबांवरच्या कोरीव कामासकट. एकाच वर्षातल्या आगी. फरक नंतर काय ठरवलं त्याचा.

आमचा वाडा पावसाळ्याआधी उतरवला. माझा भाऊ आला नाही, मी गेले. ठेकेदाराची माणसं काळे खांब तळखड्यावरून काढत होती आणि तिथल्या तिथे तासून घेत होती. संध्याकाळपर्यंत ट्रकमध्ये स्वच्छ, पिवळसर सागवान रचलं गेलं होतं. बद्द बोलणारा वाळवीचा खांब तेवढा त्यांनी बाजूला टाकला. विचारलं तर म्हणाले, हा माल एका रिसॉर्टसाठी चाललाय, तिथे वाड्यासारखं रेस्टॉरंट होतंय. म्हणजे जे खांब पेठेत एक मजला पेलायला धोकादायक ठरले, ते दुसरीकडे छप्पर पेलणार आहेत.

ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना एवढंच सांगते. जिन्याची झडप असेल तर काढू नका. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग बदला आणि गरम होणारं मशीन एक्स्टेन्शनवर चालवू नका. पाच वारसांत हप्त्यावरून एकमत होत नसेल तर एकाने भरून टाका, नंतर भांडा. आणि एवढं करूनही आग लागलीच, तर खांब काळे दिसतात म्हणून सही करू नका. आधी एखादा सुतार बोलावून ते खरवडून बघा, मग आपल्या अभियंत्याचा अहवाल नोटिशीच्या मुदतीत लेखी द्या. मुदत उलटल्यावर मला फोन करून उपयोग नसतो.